कोपऱ्यातला वाफाळता कप

३ जानेवारी, सकाळी ९
आजपासून रक्तदाता समिती पेपरलेस. ३१२ दात्यांची नावे, गट, फोन, सगळे मी एकट्याने कॉम्प्युटरवर चढवले. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, फुकटचे. सचिव असावा तर असा. चारुशीलाने अठरा वर्षे लिहिलेले रजिस्टर मी रद्दीत दिले. ती स्वयंपाकघरात निघून गेली. बायकोला पटले असावे.

६ जानेवारी
चारुशीलाचे गर्भाशयाचे ऑपरेशन २८ तारखेला ठरले. तिचे रक्त ओ निगेटिव्ह, सहज न मिळणारे. डॉक्टर म्हणाले, दोन दाते तयार ठेवा. यादीत चार आहेत. म्हटले, डॉक्टर, फक्त बटण दाबायचे.

८ जानेवारी
स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज वाफाळत्या कपाचे चित्र येते. नाव जावा. अपडेट करा म्हणते. कॉफीची जाहिरात असणार. आमच्याकडे कॉफी कोणी पीत नाही. जावाच उडवली. कॉम्प्युटर लगेच हलका वाटला.

११ जानेवारी
यादी उघडेना. म्हणते, या कामाला जावा लागते. पत्रे टाइप होतात, तक्ते उघडतात, यादीच तेवढी अडते. जरीपटक्याच्या कॉम्प्युटरवाल्या जितेंद्रला सहज म्हणून फोन केला. तो म्हणाला, बाकी सगळे तिच्याशिवाय चालते, पण याद्यांचे कपाट जावाच उघडते; तुम्ही काढली तर नाही ना? नाही म्हणालो. सचिवाने मेकॅनिकपुढे कबुली द्यायची नसते.

१४ जानेवारी
चारुशीला तिळगूळ घेऊन थेट गांधीबागेपर्यंत गेली. ऑपरेशन तोंडावर आणि ही हिंडते. मी बोललो. तिने ऐकून घेतले, शाल घेतली, निघाली. तिच्या ओठांना रंग उरलेला नाही, हे आज दिसले.

१७ जानेवारी
नेटवरून जावा उतरवली. कप परत आला, यादी नाही. यादीचे सॉफ्टवेअर ६४ बिटचे, जावा ३२ची, म्हणून जमत नाही म्हणे. म्हणजे अर्धे काम झाले.

२० जानेवारी, दुपारी ३
यादीची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. नुसती चिन्हांची गर्दी. एवढा कचरा साचल्यावर चालेल कशी? दोन तास बसून साफ केली, सेव्ह केली. पेन ड्राइव्हवरची जुनी प्रत पुसून तिथेही हीच साफ प्रत ठेवली. बॅकअप हवाच.

२२ जानेवारी
दवाखान्यातून फोन. ऑपरेशन अलीकडे घेतले, २५ला. दात्यांची नावे कळवा म्हणाले. चारुशीलाला सगळे सांगायचे ठरवले. ती झोपली होती. उद्या नक्की.

२३ जानेवारी
शेवटी जितेंद्रला बोलावले. योग्य जावा त्याने दहा मिनिटांत टाकली. मग फाइल उघडून पाहिली. चहा नको म्हणाला.
“काका, जावा कपाट उघडून देते. पण आतलं तं तुम्हीच फेकून देलं. असं काहून केलं?”
चारुशीला दारात उभी होती. केव्हापासून, माहीत नाही.

२४ जानेवारी
तीन ब्लड बँका झाल्या. ओ निगेटिव्ह नाही. रद्दीवाला म्हणाला, तो माल केव्हाच गेला. चारातले एकही नाव आठवेना. तिने त्या नावांभोवती काढलेले लाल गोल तेवढे आठवतात. तीनदा तिच्या खोलीत गेलो, तीनदा पाणी हवे का विचारून परत आलो. मला भीती वाटते आहे.

२५ जानेवारी, सकाळी ८, दवाखाना
बाकावर दोघे बसलेले. गांधीबागेतले कापडवाले ताराचंद आणि वंदना नावाच्या शिक्षिका. दोघेही ओ निगेटिव्ह. चारुशीलाने संक्रांतीलाच सांगून ठेवले होते. काल पुन्हा फोन केला, नंबर तिला पाठ. अठरा वर्षे ती तिळगूळ यांच्याच घरी नेत होती, म्हणे.

स्ट्रेचरवर म्हणाली, “तुमची यादी उघडून नाही राहिली, हे मला अकरा तारखेच्या तुमच्या फोनपासून माहीत होतं.”
मग बोलली का नाहीस, विचारले.
“तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती.”

सिस्टर फॉर्म घेऊन आली. पतीचा रक्तगट? म्हणालो, कॉम्प्युटरवर आहे. सिस्टर थांबली. स्ट्रेचर आत जाता जाता चारुशीलाने सांगितले, ओ पॉझिटिव्ह. दार बंद झाले. विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतो आहे.