डाव्या हाताची कात्री

ता. ४, संध्याकाळी साडेसात

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पोहोचलो. आईला एवढंच वाचून दाखव. पुढचं तुझ्या एकट्यासाठी आहे.

दोन विमानं, मधे सहा तास बाकावर. बॅग तू भरलीस, दोरी तू आवळलीस आणि वजन बरोबर झालंय, आता उघडू नकोस, अशी ताकीदही तूच दिलीस. मी शहाण्यासारखं ऐकलं. इथे खोलीत येऊन दोरी सोडली, तर माझी कात्री नाही. तिच्या जागी एक नवी कोरी, चकचकीत कात्री आणि तुझी चिठ्ठी: परदेशात मान वर करून काप. दादा, ही उजव्या हाताची आहे. मी डाव्या हाताने कापतो. चार वर्षं तुझ्या डोळ्यांसमोर कापतोय. तू नक्की कोणाकडे बघत होतास?

शेजारच्या खाटेवर शर्टांना काजं करणारा एकजण आहे. तो सांगतो, उद्या सकाळी आठला कारखान्याचा मॅनेजर प्रत्येक नव्या माणसाला कापायला कापड देतो. कड सरळ आली तर कटिंगचं टेबल, नाही तर दोन वर्षं इस्त्री. हे ऐकलं आणि चहासुद्धा न घेता बाहेर पडलो.

पहिल्या संध्याकाळी शहर बघून घे, असं तू बजावलं होतंस. बघितलं. फुटपाथ आखल्यासारखे सरळ. गाडी नसली तरी माणसं लाल दिव्याला थांबतात. मीही थांबलो, दातओठ खात. पूल, कारंजं, सगळं मागे टाकत पाच दुकानं गाठली आणि डाव्या हाताची दोन बोटं हवेत चालवून दाखवली. तिघांनी उजवीच कात्री काढली. एक बाई माझा हात दुखतोय समजून मलमपट्टी घेऊन आली. पाचव्याने माझ्यादेखत शटर ओढलं.

लहानपणी पाटीवर डावा हात टेकला की तू फूटपट्टी मारायचास. लिहिणं उजवीकडे गेलं, म्हणून मी सगळाच उजवा झालो असं तू धरून चाललास.

तुझी माया आहे, कळतं. आज ती मला भोवली.

तुझा,
धाकटा

ता. क. (ता. ५) कड उंदराने कुरतडल्यासारखी आली. अंगठ्याची साल गेली. इस्त्रीवर आहे. स्वतःची कात्री आली तर महिनाअखेर पुन्हा बघू, एवढं मॅनेजर म्हणाला.

ता. १३

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शाळा आठवीत सोडलीस, पण शिव्यासुद्धा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून दिल्यास. ते वळण कोणाच्या फूटपट्टीने लागलं, तेही लिहायचं होतंस.

तुझी कात्री मी तुझ्या वहिनीच्या जुन्या कापडावर चालवून पाहिली होती. कापेना, नुसती चावायची. वाटलं, पोरगा बोथट कात्री घेऊन निघालाय आणि सांगायला लाजतोय. नवीसाठी दोन दिवस कामावर खाडा केला. आणि मी कोणाकडे बघत होतो म्हणे!

तुझं पत्र वाचून संतापाने तुझी कात्री आईपुढे आपटली. आईने ती उचलून माझ्या डाव्या हातात दिली आणि म्हणाली, "आता काप." हात वाकडा गेला, पण कापड लोण्यासारखं कापलं. आवाजावरून मोटरचा बिघाड सांगणारा मी, पण कात्री डावी आहे हे कळलं नाही. तुझी वहिनी तेव्हापासून हसतेय.

कात्री आजच पार्सलने पाठवली. दोरी सैल बांधली आहे.

राग शमला की दोन ओळी टाक. नाही शमला तरी टाक.

दादा

ता. क. ही ओळ डाव्या हाताने लिहिली. अर्धा तास लागला. आणि मारायला कोणी उभं नव्हतं.

ता. ३०

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल परवा आलं. आज कापून दाखवलं. मॅनेजरने कडेवरून बोट फिरवलं आणि खिडकीजवळचं टेबल दिलं. नवी कात्री काजंवाल्याला दिली. तो उजवा आहे, तुझे गुण गातो. मी अजून गात नाही.

तुझी डावी ओळ वाचता आली. फारच वाकडी आहे. फूटपट्टी पाठवू का?

तुझा,
डावखुरा