मोरीतलं पिवळं पाणी

जबलपूर, डिसेंबर १९७१, गुरुवार संध्याकाळ

कुसुमशी आज बिनसलं. तेव्हापासून कशात लक्ष नाही, वरणाला फोडणी द्यायचीही राहिली.

दुपारी शेजारी तिच्याकडे विरजण मागायला गेले, तर ती स्वयंपाकघरातल्या मोरीत नवऱ्याचे फॅक्टरीचे कपडे धूत होती. लढाई लागल्यापासून भावजींना रोज डबल ड्यूटी, तोफगोळ्यांत दारू भरायच्या खात्यात. कपड्यांतून त्या दारूचं पिवळं पाणी निघत होतं आणि बाजूलाच घासलेली भांडी. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, जिथे ताटं घासतेस तिथंच हे विष काहून धुऊन राहिलीस?"

ती वर न बघता म्हणाली, "तुमचे साहेब ऑफिसात बसतात, दीदी. कागद धुवावे लागत नाहीत तुम्हाला."

दीदी. तुम्हाला. एरवी शांता म्हणते, अगं-तुगं करते. मी विरजण न घेताच परतले.

चुकीचं बोलले का? नाही. ते पिवळं पाणी ताटांवर उडत होतं, मी पाहिलं. पण तिच्या क्वार्टरला नळ एकच, त्या मोरीतला. आमच्या मागच्या अंगणात वेगळा नळ आहे. "कपडे माझ्याकडे आणत जा," एवढंच म्हणायला हवं होतं.

तेव्हा सुचलं नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे. सुचलं होतं. माझ्या अंगणात ते पिवळं पाणी नको, म्हणून मी गप्प राहिले.