सोनूची झोप आणि माझी सहा पानं

वडसा (देसाईगंज)
मंगळवार, पहाटेचे सव्वातीन

आदरणीय कुंताबाईस लहान भाऊ प्रफुलचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा बीपी? गोंडपिपरीकडं धान कसा आहे, करपा तर नाई ना पडला? आमच्याकडं सगळे जिवंत आहेत, याच्यापेक्षा जास्त मले लिहिता येत नाई. फोन सोडून कागद पाठवला म्हणून घाबरू नको, कोणाचं काही बरंवाईट झालं नाई. फक्त आमच्या घरात रात्री फोन बंद असते. रिंग वाजली तर सोनू उठते, हळू बोललो तरी उठते, अन नुसतं व्हॉट्सॲपवर टाईप करत बसलो तर त्या उजेडाकडं डोळे लावून पडते. म्हणून झीरोच्या बल्बवर तुझ्या भावजयीची, हर्षाची, जुनी ओढणी टाकून लिहून राह्यलो. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, डावा हात पाळण्याच्या दोरीत अडकला आहे.

तुझ्या भाच्याले, सोनूले, आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. दिवसा हा पोरगा इतका गुणी की काय सांगू. बाजूची राइस मिल सकाळपासून घरघर करते, हा झोपते. गल्लीतून डीजे गेला, आमच्या खिडक्या हलल्या, हा झोपून. विहारात नाव ठेवलं तेव्हा साठ माणसं होती, प्रत्येकानं गाल ओढला, पण यानं डोळा उघडला नाई. सगळे म्हणाले, किती शांत लेकरू आहे. मी अन हर्षानं एकमेकांकडं पाह्यलं, कारण रात्री काय होते ते आम्हालेच माहीत. आपल्याकडचं नाटक दहाले सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते ना, तसंच याचं. दहा वाजले की डोळे टक्क उघडे, अन मग पहाटे पाचपर्यंत सलग कार्यक्रम. आमच्या नाटकात मध्यंतर तरी असते.

सासूबाई (गुणाबाई) सिंदेवाहीवरून मदतीले आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, चूक हर्षाची आहे, तिनं पोटुशी असताना रात्र-रात्र जागून नऊ नाटकं पाह्यली. (त्यातल्या चार नाटकांत मी होतो, पण हे त्या मोजत नाईत.) त्यायनं ओव्याची धुरी दिली, शेक दिला, लुगड्याची झोळी बांधली, अन एका रात्री आपल्यात हे चालत नाई म्हणून मागच्या दारी लपून मीठ-मिरच्याही ओवाळून जाळल्या. त्या मिरच्यायनं चार घरची माणसं खोकत बाहेर आली. सोनू मात्र सगळ्यायकडं मजेनं पाहत होता. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या अन आम्हा तिघायले ओळीनं झापलं. धूर बंद करा, दिवसा खिडक्या उघड्या ठेवा, पोराशी बोला, रात्री अंधार अन शांतता ठेवा, उताणं झोपवा, कोणी सांगितली म्हणून काही घुटी चाटवू नका. लहान लेकराले रात्र अन दिवस कळायले दोन-तीन महिने लागतातच, म्हणाल्या, धीर धरा. मी म्हटलं, ताई, माझी तालीम रविवारी आहे. त्यायले ते काही समजलं नाई.

तुले समजेल म्हणून सविस्तर सांगतो. अकरा वर्षं मी नाटक कंपनीत हवालदार केला. "साहेब, खुनी पळाला," एवढं एकच वाक्य, अकरा वर्षं. एका साली खून करणारा नटच आला नाई, तेव्हा तेही वाक्य गेलं. यंदा बापाचं काम करणारे म्हातारे कलाकार दुसऱ्या कंपनीत गेले, म्हणून मालक बिरजूभाऊनं मले बोलावलं. (इथी मी सगळ्यायले सांगितलं आहे की माझा अभिनय पाहून बोलावलं.) नाटकाचं नाव लिहीत नाई, बोर्ड लागेपर्यंत बाहेर सांगायची मनाई आहे. पण काम असं आहे की मुलगा अन सून म्हाताऱ्या बापाले घराबाहेर काढतात, अन तो बंद दारासमोर पावसात उभा राहून सहा पानं एकटा बोलते. याच सहा पानांवर सगळं नाटक उभं आहे. बिरजूभाऊ म्हणाले, तीन आठवडे देतो, रविवारच्या तालमीपर्यंत पाठ पाहिजे, अन नुसतं पाठ नाई, समोरचा रडला पाहिजे. नाई तर निकेश आहेच. निकेश म्हणजे सव्वीस वर्षांचा पोरगा, पण त्यानं त्याच दिवशी केस पांढरे रंगवून घेतले होते. बाई, मी एकेचाळीसचा आहे. हे काम गेलं तर पुढं हवालदारच, अन हवालदारालेही पोट कमी करायले सांगून राह्यले.

आता ऐक माझ्या नशिबाची गोष्ट. एका रात्री दोन वाजता हर्षानं सोनूले माझ्या मांडीवर ठेवलं अन म्हणाली, मले आता भिंत कुठी अन दार कुठी हे दिसत नाई, तुमी पाहा. एका हातात पोरगा, दुसऱ्या हातात कागद, मी हळू आवाजात पाठ करायले लागलो. पहिल्या पानाच्या शेवटी सोनूच्या मुठी सुटल्या. दुसऱ्या पानावर डोळे मिटले. तिसऱ्यावर हर्षा भिंतीले टेकून झोपली, चौथ्यावर गुणाबाई घोरू लागल्या. पाचवं अन सहावं पान मी एकट्यानंच ऐकलं. ज्या जागी हजार बायायनं पदर डोळ्याले लावायचा, त्या जागी माझं अख्खं घर झोपून गेलं. पोरगा झोपला म्हणून हसावं की काम जाईल म्हणून रडावं, काही सुचत नव्हतं. शेवटी मी पाणी पिऊन झोपलो.

तेव्हापासून रोज दहा वाजले की गुणाबाई म्हणतात, "जावईबापू, तुमचं ते भाषण करा ना." (भाषण! तिसऱ्या अंकाचा आत्मा आहे तो.) मी थोडा जीव ओतला, हात वर केला, आवाज कापरा केला, की सोनू दचकून उठते, अन गुणाबाई अर्ध्या झोपेत सांगतात, साधं म्हणा, रोजच्यासारखं. अशा एकोणीस रात्री मी साधं म्हटलं. तुले सांगतो, एखादी गोष्ट एकोणीस वेळा वाईट केली की ती अंगात बसून जाते. शेवटी शेवटी मले स्वतःलेच दुसऱ्या पानावर जांभई यायले लागली होती. दिवसा आरशासमोर उभा राहून रडायचा प्रयत्न केला, तर घरमालकाच्या बाईनं विचारलं, दात दुखून राह्यला का.

रविवार आला. तालमीचा हॉल आमच्या घराच्या मागंच आहे, चालत वीस पावलं, पण मले तेवढंही चालवेना. आदली रात्र सोनूनं सहा पानं दोनदा ऐकून घेतली होती. समोर बिरजूभाऊ, बाजूले नाटकाचे लेखक, मागं तबला, अन कोपऱ्यात पांढऱ्या केसांचा निकेश. मी सुरू केलं. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं, तबलेवाला घड्याळ पाहून राह्यला होता. तिसऱ्या पानावर लेखकसाहेबांची मान खाली गेली, विचारात असतील. अन चौथं पान माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. एक शब्द आठवेना. समोर ते बंद दार होतं (म्हणजे दोन खुर्च्यायवर टाकलेली चादर). मी त्या दाराकडं पाहत राह्यलो, अन मग बाई, काय झालं मले माहीत नाई, मी दाराले म्हटलं, "झोप रे बाबू आता. तुझी माय किती रात्री बसून आहे. तिच्या तोंडाकडं पाहवत नाई मले. काय पाहिजे ते माझं घे, पण तिले आज एक रात्र झोपू दे." अन मी खाली बसून खरोखर रडलो. किती वेळ ते आठवत नाई.

डोकं वर केलं तर बिरजूभाऊनं चष्मा काढला होता. तबलेवाला नाक शिंकरत होता. लेखकसाहेब डोळे पुसत विचारून राह्यले होते, हे मी कोणत्या पानावर लिहिलं? निकेश केस धुवायले गेला. बिरजूभाऊ म्हणाले, काम तुझं, हे सगळं असंच ठेव, भाऊबीजेले पहिला प्रयोग, तेव्हापासून रोज असंच पाहिजे.

घरी येऊन सांगितलं. हर्षा बरं म्हणाली अन पोराले पाजत बसली. रात्री दहाले मी कागद घेतला, पण आता साधं म्हणताच येत नाई. दुसऱ्या पानावरच डोळे पुसावे लागतात. माझा आवाज हलला की सोनू डोळे उघडते, खालचा ओठ बाहेर काढते, अन मग आम्ही दोघं बापलेक मिळून रडतो. काल गुणाबाईनं माझ्या हातातून कागद ओढून घेतला. काम मिळालं अन घरची झोप गेली. भाऊबीजेनंतर मी रोज रात्री गावोगाव असेन, लोक रडतील, टाळ्या वाजवतील, अन इथी हर्षा एकटी पोराले घेऊन उजाडेपर्यंत फिरत राहील. याच विचारानं आज पत्र लिहायले बसलो. बाकी सर्व ठीक.

भाऊजींले जयभीम. विक्कीले पापा (बारावीले गेला हे माहीत आहे, तरी दे).

तुझा जागा भाऊ,
प्रफुल

ता. क. खरं काम असं, की सोबत सहा पानांची झेरॉक्स जोडली आहे. भाऊजींकडून मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून पाठव. तंटामुक्तीचे अध्यक्ष म्हणून ते माझ्या लग्नात दोन शब्द बोलले होते, तेव्हा वरातीतली घोडीही उभ्या उभ्या पेंगली होती. असा आवाज जिल्ह्यात दुसरा नाई. त्यायले म्हणा, मध्ये थांबू नका अन भावना टाकू नका. दिवसा फोन चालू असते.

पुन्हा ता. क. कशासाठी पाहिजे ते भाऊजींले सांगू नको. कंपनी नवीन आवाज शोधून राह्यली एवढंच सांग.

कुंताबाई, मी हर्षा. पाकीट डिंकानं चिकटवायले माझ्याजवळ दिलं म्हणून वाचलं. आईचं घोरणं खरं आहे, पण मी एकही रात्र झोपली नाई. डोळे मिटून पडून राहत होती. उघडे दिसले की हे विचारतात, कसं झालं, अन पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात. सहाही पानं मले पाठ आहेत. चौथं ते रोजच विसरून कागदात पाहत होते. रविवारी मागच्या खिडकीतून मी सगळं ऐकलं, अन पोराले छातीशी धरून खूप रडली. त्यायले सांगितलं नाई, नाई तर रात्री पुन्हा करून दाखवतील. तुमी भाऊजींचा आवाज पाठवू नका. स्वतः या, अन आठ दिवस तुमच्या भावाले गोंडपिपरीले घेऊन जा. बिरजूभाऊले मी सुट्टीचं विचारलं आहे, ते हो म्हणाले. पोराचं मी पाहून घेईन.