डाळ मी कालवली होती

शनि. १९ एप्रिल
चैत्रातलं हळदीकुंकू झालं एकदाचं. गुरुवारी उलट्या-जुलाबांनी आडवी होते, काल नुसती पेज. आज सकाळी बरं वाटलं म्हणून उठले. डाळ वाटली, कैरी किसली, हातानंच कालवली. चमच्यानं कालवलेली डाळ लागत नाही तशी. नळ आलाच नव्हता, सलीमभाईंचा टँकर आला म्हणून पन्हं तरी झालं. वरच्या जोशीकाकूंनी डाळ दोनदा मागून घेतली. "तुझ्या हाताला चव आहे गं." दमले, पण बरं वाटलं.

सोम. २१
काल संध्याकाळपासून फोन. हळदीकुंकवाला आलेल्या निम्म्या बायकांना उलट्या. सकाळी पार्किंगमध्ये सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुम्ही साथरोग विभागातल्या. कशानं झालं असेल?"
मी म्हणाले, पाणी तपासावं लागेल.
नाही. इथं तरी खरं लिहावं. मी म्हणाले, "टँकरचंच असणार."
त्यांनी तिथंच सलीमभाईंना फोन लावून टँकर बंद केला. मागून कोणी तरी बोललं, "त्या लोकांकडून पाणी घ्यायचंच कशाला?" मी चपलांकडे बघत राहिले. हे बोलणं खोडायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

मंगळ. २२
जो.काकूंना पहाटे मीच दवाखान्यात नेलं. सलाईन चालू, लघवी फार कमी. जोशीकाका बाहेरच्या बाकावर, डबा तसाच मांडीवर. मला म्हणाले, "तू आहेस म्हणून धीर आहे."
टँकर आणि टाकी दोन्हीकडच्या पाण्यात क्लोरीन व्यवस्थित. वॉचमन, घरी राहिलेले पुरुष, सगळे तेच पाणी पिऊन ठणठणीत. फक्त पन्हं घेतलेल्या दोघीही बऱ्या. हे मला दुपारीच कळलं होतं. मग मी स्वयंपाकघराचा ओटा घासत बसले.

बुध. २३
बिल्डिंग माझीच, म्हणून चौकशी फरहानाकडे दिलीय. ऑफिसात माझ्या हाताखाली आहे, मीच तयार केलेली. घरोघरी जाऊन कोणी काय खाल्लं ते विचारतेय. आज माझ्याकडे आली, चहा नको म्हणाली.
"मॅडम, तुम्हाला काही त्रास झाला?"
"हळदीकुंकवानंतर? नाही."
"डाळ कोणी कालवली होती?"
"सगळ्यांनी मिळून."
तिचं पेन थोडं थांबलं. मग तिनं लिहिलं.
उलटी थांबली तरी दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आपण बरे झालो तरी विषाणू पोटातून बाहेर पडतच असतो. वसतिगृहांच्या आचाऱ्यांना हे मी शिकवते. माझा आवाज चढतो तेव्हा. ते बिचारे माना खाली घालून ऐकतात.

शुक्र. २५
नोरोव्हायरस. पाण्याचा अहवाल स्वच्छ. आनंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मुद्दाम केलंस का? नाही ना? मग गप्प बस. याच बिल्डिंगमध्ये राहायचंय आपल्याला."
ऑफिसात फरहानाला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला बुधवारीच वाटलं होतं, मॅडम. पुन्हा विचारायची लाज वाटली." तिला लाज वाटली.
"अहवालात माझं नाव घाल."
"नावं घालत नाहीत, मॅडम. तुम्हीच सांगितलंय. आजारातून नुकत्याच उठलेल्या व्यक्तीनं हाताळलेलं अन्न, एवढंच लिहिते."
सुटले, असं क्षणभर वाटलं. त्या क्षणाचीच जास्त

शनि. २६
जो.काकू घरी आल्या. अशक्त आहेत, आवाज खोल गेलाय, पण धोका टळला. दारातूनच बघून आले, आत गेले नाही.
संध्याकाळी खुलताबाद रस्त्यावर सलीमभाईंच्या विहिरीवर गेले. ते टँकर भरत नव्हते, पाइप गुंडाळून ठेवलेला. म्हटलं, तुमचं पाणी चांगलं निघालं.
"ते मला ठाऊकच व्हतं, मॅडम. पन बाजूच्या सोसायट्यांनी बी बंद केलंय. त्यांना कोन सांगनार?"
मग सांगितलं, माझ्या हातामुळं झालं. आणि तुमचं नाव आधी मीच घेतलं. त्यांनी पाइपाचं वेटोळं पायानं बाजूला सारलं. म्हणाले, "दवाखान्यातल्या मोठ्या बाई कशा हायत आता? लई तरास झाला म्हणे त्यांना."
बऱ्या आहेत म्हटलं.
"हां. पन हे मला सांगून काय व्हनार, मॅडम?"
रागावले असते तर परत येणं सोपं गेलं असतं.

रवि. २७
सहाला खाली मीटिंग. विषय टँकर. मला बोलायचंय असं सेक्रेटरींना सकाळीच कळवलं. त्यांना वाटतंय मी पाण्याच्या शुद्धतेवर बोलणार. आनंद येणार नाही. टीव्हीचा आवाज वाढवून बसलाय.
दुपारी काकूंना आधी एकटीला सांगायचं म्हणून जिना चढले. दार उघडंच होतं. आतून त्या काकांना माझ्याबद्दल सांगत होत्या, हिनंच धावपळ केली म्हणून वाचले. बेल न वाजवता खाली आले.
आता खुर्च्या लावतायत. साडी नेसून झाली. काय बोलायचं ते तीनदा लिहून फाडलं, प्रत्येक वेळी पहिलं वाक्य विषाणूबद्दलच येतं.
जिन्यात काकांचा आवाज. "सावकाश उतर, घाई नाही." म्हणजे काकूही निघाल्यात. मला दार उघडून त्यांचा हात धरायला हवा