माझ्या बाजूचा पावटा

आत्याबाई, पावट्यावरचा मावा तुमच्या राखेनं गेला नव्हता. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्न होऊन चिंचवडला तुमच्या घरात आले, त्याच हिवाळ्यात परसातल्या मांडवावर पावट्याचे शेंडे माव्यानं काळे पडले होते. तुमचा लेक सायकलवरून पिंपरीच्या नव्या कारखान्यात गेलेला, आणि आपण दोघी सासवा-सुना वेलाखाली उभ्या. तुम्ही चुलीतली राख उधळताय, पानांवरच्या काळ्या, काटेरी अळ्या चिमटीत धरून चिरडताय. मी म्हणाले, मारू नका, यांचेच पुढे ठिपक्यांचे लाल ढालकिडे होतात आणि मावा खातात. चाकणला माहेरी मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हितं किडं पाळायची रीत न्हाई," तुम्ही म्हणालात. मीही हट्टाला पेटले. कंदिलाच्या काचेत थोड्या अळ्या आणि माव्यानं भरलेले शेंडे घातले, दोन्ही तोंडांना फडकं बांधलं. रोज ताजा शेंडा देत राहिले. काही दिवसांनी आत लाल किडे फिरू लागले, तेव्हा काच तुमच्यापुढे धरली. "व्हय, तूच टाकलं असशील," म्हणालात आणि भाकरी थापत राहिलात. मला रडू नाही आलं, संताप आला. शेवटी तुम्हीच मांडवाच्या मधोमध सुतळी बांधलीत. अलीकडचं तुमचं, पलीकडचं माझं. "तुझा येल गेला तर ह्या घरात पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई." पावट्याचं राहू द्या, मला या घरात बोलायला मिळणार की नाही, तेच त्या वेलावर ठरणार होतं.

माझी बाजू शेंगांनी लगडली. तुम्ही त्याच दाण्यांची आमटी केलीत, शेजारणीला वाटीभर दिलीत आणि माझ्यासमोर तिला म्हणालात, "समदा राखंचा गुण हाय." नवी होते, गप्प बसले. आता नाही बसणार. राख मी तेव्हाही टाकली नाही, आजही टाकत नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी तुम्ही माझ्या बाजूची अळ्यांची पानं खुडून, पदराआड धरून, तुमच्या वेलावर नेऊन ठेवलीत. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मागितल्या असत्या तर लगेच दिल्या असत्या, असं मी सगळ्यांना सांगते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. दिल्या नसत्या. आधी तुमच्या तोंडून "पोरी, तुझंच खरं" एवढं ऐकून घेतलं असतं. ते मला अजून ऐकायचंय.