खालच्या गल्लीचं माप

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची धुळ्यात! पहूरहून निघताना आई रडली, आबांनी भरताची वांगी बांधून दिली, जसं काही धुळ्यात वांगी मिळतच नाहीत. मूल्यांकनाचा परवाना मिळून महिना झाला नाही तोच नोकरी. काम असं, की बँक कर्ज देणार असते, आपण घर मोजायचं, किंमत लिहायची, खाली सही-शिक्का. मालक ललितभाऊ गोड बोलतात. ऑफिसच्या वरचीच खोली त्यांनी मला भाड्याने दिली. पलंग टाकूनही फुगडी घालता येईल एवढी ऐसपैस आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

इथली एक तऱ्हा कळली. घर बघायच्या आधी ललितभाऊ मालकाचं आडनाव आणि गल्ली विचारतात. पांझरेकाठची खालची गल्ली असली की मापातून तीन फूट कापायचे, वरच्या कॉलनीतला बंगला असला की तेवढेच वाढवायचे. मी विचारलं, फूट काय आडनाव बघून लहान-मोठा होतो का? ते हसले, म्हणाले नवीन आहेस, शिकशील. असलं शिकायला मी नाही आले. डोकं एवढं तापलं की डबा तसाच परत आणला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज खालच्या गल्लीत कमलबाईंकडे गेले. मुलाचं लग्न ठरलंय, वर एक खोली बांधायला कर्ज हवंय. दार अर्धंच उघडलं. शिलाई मशीन आणि पलंग एकमेकांवर चढलेले, देवाचा कोनाडा अर्धा गिळलेला, आणि भिंतीला साधा तडाही नाही. कमलबाई म्हणाल्या, “पोरी, आम्हनं घर आकसी ऱ्हायनं शे.” घर आकसतंय म्हणे. आमच्या ऑफिसात माझ्या आधी असलेल्या अखिलनं मागच्या वर्षी तीन फूट कमी लिहिले, आणि आठवड्यात भिंत सरकत सरकत त्या मापावर येऊन थांबली. अख्ख्या गल्लीचं असंच झालंय.

मी हसणार होते. मग टेप लावला. बाहेरून बारा फूट, आतून नऊ. आता आणखी कापलं तर उभ्यानं झोपायचं का, असं त्यांनी विचारलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

वरच्या कॉलनीतला बंगला. हॉलमध्ये संगमरवर संपतो तिथे कमलबाईंकडे आहे तसल्याच शहाबादी फरशीची तीन फुटी पट्टी. तिच्यावर शिलाई मशीनच्या पायांचे घासलेले डाग. मालकीणबाई म्हणाल्या, मागच्या वर्षी आपोआप आली, बरंच झालं, सोफा मावला.

सोमवार, १० नोव्हेंबर

ललितभाऊंना कमलबाईंची रुंदी सहा हवी होती. मी बारा लिहिली, सही केली, बँकेत देऊन आले. काय करायचं ते करा म्हणावं! भाऊ ओरडले नाहीत. वर येऊन दारात उभे राहिले, खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाले, हिचंही माप एकदा घ्यायला हवं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी कमलबाईंचा फोन. दार पूर्ण उघडलं! बाई रडत होत्या, मीही रडले. म्हणजे माझी सहीही चालते. कामाला दांडी मारून अख्खी गल्ली बाहेरून मोजून आले.

परत आले तर पलंग दोन्ही भिंतींना टेकलेला. आई फोनवर म्हणाली, निघून ये. का म्हणून? मी काय चोरी केलीय?

बुधवार, १२ नोव्हेंबर, दुपार

दाराखालून दोन कागद आले. एक माझ्या खोलीचा — रुंदी दोन फूट — ललितभाऊंची सही. दुसरा कमलबाईंचा — रुंदी सहा — सहीची जागा रिकामी. सही कर, तुझी खोली परत मिळेल, असं ते दारापलीकडून सांगून गेले.

सही? थुंकले मी त्यावर.

दार आत उघडतं. पलंग वाकून दारावर अडकलाय. खिडकीला गज. कमलबाईंना फोन केला — गल्लीतली माणसं पहारी घेऊन निघालीत —

माझ्या खोलीचं माप मीच लिहिलं तर? पण स्वतःच्या जागेचं माप स्वतः लिहायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. त्यांना नियम दाखवायचे आणि मला सूट? हट्! उरलाय तो वेळ गल्लीतली घरं लिहायचा.

बुधवार

भिंत पाठीला लागली. गार आहे. फार भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू —

गल्लीतली घरं लिहिता लिहिता कोरे कागद संपले. उरलेली तीन या वहीतच लिहिते, इथेच शिक्का.

तानुबाईंचं घर. लांबी वीस, रुंदी चौदा. सही.

कौतिक यांचं घर. लांबी अठरा, रुंदी अकरा. सही.

खाली पहारींचा आवाज — आलेत — कोपर हलत नाही — एकच राहिलंय, लिहिणारच, बघते कोण अडवतं —

निंबा यांचं घर. लांबी सोळा. रुंदी