साबोताजची खोटी गोष्ट

सोलापूर, शनिवार,
१७ नोव्हेंबर १९३४

प्रिय रुद्रा,

मोहोळला मावशीकडे पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. अव्वाला वाटतं, तू शेंगा काढायला गेलास. इथे गिरणीत तुझ्या शेजारच्या मागावर काम करणाऱ्या हरिबाला पोलिसांनी पकडून आठ दिवस झाले. माग मोडला तेव्हा त्यात सापडलेली वहाण त्याची निघाली, एवढाच पुरावा. त्याची बायको रोज डबा घेऊन कचेरीत जाते आणि भरलेलाच परत आणते. काल दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, मागाच्या पाया पडल्याबिगर हात न लावणारा माणूस त्यो. त्यो वहाण टाकंल व्हय?"

विणाई खात्यात कोणी पायताण घालून शिरत नाही. सगळ्यांच्या वहाणा दाराबाहेर ढिगाने पडलेल्या असतात. त्यातली एखादी मागात टाकावी, हे आपल्या माणसाला आपणहून सुचणारच नाही. कुठून तरी ऐकावं लागतं. गिरणीच्या नोटिशीतला 'सॅबोटेज' हा इंग्रजी शब्द तू जेवताना विचारलास आणि तुझ्या बी. ए. झालेल्या बहिणीने ऐटीत सांगितलं, मूळ फ्रेंच 'साबोताज'; 'साबो' म्हणजे लाकडी पादत्राण; तिथल्या मजुरांनी ती यंत्रांत टाकून गिरण्या थांबवल्या. घास हातात तसाच धरून तू विचारलंस, "मग मालक नमले का?" मला माहीत नव्हतं, रुद्रा. तरी मी हो म्हणाले.

परवा वाचनालयातला मोठा कोश काढला. साबो घालून माणूस खडखडत, अडखळत चालतो. त्यावरून 'साबोताज' म्हणजे ओबडधोबड, बिघडवून केलेलं काम. यंत्रात पादत्राणं टाकल्याच्या कथेला आधारच नाही. कॉलेजात कानावर पडलेली गोष्ट मी पुस्तकातली म्हणून तुला सांगितली. तू हाताला लागली ती वहाण उचललीस. कोणाची, तेही पाहिलं नसशील. तू काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. पण हरिबाला पकडलं त्या संध्याकाळी तू ताटावरून उठलास आणि सकाळी गाडी धरलीस.

बुधवारी हरिबाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणार आहेत. मी साक्षीला जाणार आहे. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. ही गोष्ट मी सांगितली, असं म्हटलं की मॅजिस्ट्रेट विचारतील, कोणाला? मी खोटं बोलणार नाही. तुझं नाव माझ्याआधी तू स्वतः घ्यावंस, म्हणून हे पत्र. बुधवारी सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर उभी असेन, कचेरीपर्यंत तुझ्याबरोबर चालेन, आणि माझी चूक तुझ्याआधी सांगेन. तू उतरला नाहीस, तर मी एकटी जाईन.

तुझीच,
शरणम्माअक्का